सोन्याचा वर्ण

मातोश्रींच्या पश्चात् वाटणी झाली, तेव्हां धाकट्या बंधूंच्या वांट्यास लालसर पाटल्या व आमच्या वांट्यास फिकट पिवळे गोठ आले. ‘दादांनीं हिणकस सोनें माझ्या गळ्यांत बांधलें,’ हा किंतु त्यांच्या मनांत शिरला आणि बारा वर्षें दोन्ही घरांतील जाणेंयेणें थांबलें.

यंदा पुतणीचें लग्न ठरलें. मोडण्यापूर्वीं पाटल्या तपासल्या, तों त्या पुऱ्या २२ कॅरटच्या निघाल्या! सराफानें उलगडा केला: शुद्ध सोनें मृदु, म्हणून २४ भागांत २ भाग अन्य धातूंचे घालतात. ते तांब्याचे असल्यास लाली चढते. रुप्याचे असल्यास रंग फिकटतो. १८ कॅरटांत, म्हणजे शेंकडा ७५ सोन्यांत, हा भेद अधिकच उठून दिसतो. पॅलेडियम घातल्यास तर सोनें पांढरें होतें. सारांश, नुसत्या रंगावरून कस ठरत नाहीं.

बंधु दारीं येऊन म्हणाले, “दादा, चुकलों.” परंतु ‘एकदां तपासून घेऊं’ असें म्हणावयास आमचाहि अभिमान आड आला होता. सुवर्ण म्हणजे चांगल्या वर्णाचें, असा विग्रह आम्हीं जन्मभर वर्गांत शिकविला. वर्ण निराळा व कस निराळा, हें मात्र उतारवयांत शिकलों.