अटकेच्या अलीकडे

रावळपिंडीहून ग्रँड ट्रंक रोडने पेशावरकडे निघालं की हसन अब्दालचं पंजासाहिब मागे पडतं आणि पुढे सिंधूच्या काठी, डोंगराच्या उतारावर पसरलेली लांबलचक तटबंदी दिसू लागते. हाच अटकेचा किल्ला. अकबराने तो 1581 ते 1583 या काळात बांधवला आणि साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या कटक-बनारसला जोड म्हणून त्याला अटक-बनारस नाव दिलं. किल्ला आज पाकिस्तानी लष्कराकडे आहे. आत जाता येत नाही, पण पाहण्यासारखं बाहेरही पुष्कळ आहे. काबूल नदी इथेच सिंधूला मिळते. तिचं पाणी गढूळ, सिंधूचं निळसर, आणि संगमाशी दोन्ही रंग काही अंतर शेजारी-शेजारी वाहतात. किल्ला नदीच्या पूर्वेला, म्हणून ‘अटकेपार’ म्हणजे हे पाणी ओलांडून पेशावरच्या बाजूला.

परदेशात नाटकाचा प्रयोग रंगला, कुणाला बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली, की आपण अटकेपार झेंडा लावतो. या वाक्प्रचाराने झेंडा जपला, पण ठाणं विसरायला लावलं, आणि ज्या मोहिमेतून तो आला त्या मराठ्यांच्या 1758 च्या स्वारीचं मर्म ठाण्यात आहे. मार्चमध्ये सरहिंद पडलं, एप्रिलमध्ये लाहोर. राघोबादादा आणि मल्हारराव होळकरांपुढे अब्दालीचा मुलगा तैमूरशहा आणि सेनापती जहानखान यांनी पळ काढला. मराठी फौज नेमकी कुठवर पोचली यावर वाद आहे. काही अभ्यासक तिला पेशावरपर्यंत नेतात, काही चिनाबपुढे जाऊ देत नाहीत. पण दादा मे महिन्यातच माघारी वळले, याबद्दल वाद नाही. पावसाळा तोंडावर होता, परतीच्या वाटेवर पंजाबच्या नद्या होत्या आणि मोहिमेचं कर्ज वाढत होतं. पंजाब तिथल्याच अदिना बेग या सरदाराच्या हवाली झाला, सालीना 75 लाख रुपयांच्या बोलीवर. सप्टेंबरमध्ये तो वारला आणि घडी विस्कटली.

यावर कुणी म्हणेल, पराक्रम काय टिकण्यावर मोजायचा? पुण्याची फौज सिंधूच्या प्रदेशात धडकते, ही गोष्ट लहान नव्हेच, आणि तिचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण त्या वेळच्या कारभाऱ्यांपुढचा प्रश्न सुभा राखण्याचा होता. लाहोरहून दादांनी पेशव्यांना लिहिलं तेही मुलूख आपल्या अमलात आणण्याबद्दल. ते काम ज्यांच्या गळ्यात पडलं, त्यांची आठवण मात्र आपण ठेवली नाही. साबाजी शिंदे थोड्या फौजेनिशी पंजाबात राहिले आणि 1759 मध्ये चालून आलेल्या जहानखानाला त्यांनी मागे रेटलं. त्याच वर्षाच्या अखेरीस अब्दाली स्वतः सिंधू उतरून आला, तेव्हा त्यांना पंजाब सोडून दिल्लीच्या बाजूला सरकावं लागलं. 10 जानेवारी 1760 रोजी यमुनेकाठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, आणि वर्षभराने पानिपत झालं.