दिवा लागतो, पण दिसत नाही

तुमच्या घरातही अशी एखादी काळी डबी असेल. पत्त्यांच्या जोडापेक्षा जरा मोठी, कपाटात पासपोर्टांच्या शेजारी ठेवलेली. 'सगळं हार्ड डिस्कवर आहे' असं म्हणून आपण निर्धास्त असतो. गेल्या जुलैत एका शुक्रवारी मी माझी डबी लॅपटॉपला जोडली. निळा दिवा लागला, आत काहीतरी फिरतंय हे बोटांना कळलं, आणि स्क्रीनवर काहीच उमटलं नाही.

मी राहतो अल खफजीला. सौदीच्या ईशान्य टोकाला, कुवेतच्या हद्दीजवळ. आखाती युद्ध ज्यांना आठवतं त्यांना हे नाव जानेवारी १९९१च्या लढाईमुळे माहीत असेल. बाकीच्यांना मी 'दम्मामच्या वर तीनेक तास' एवढंच सांगतो. समुद्रातल्या तेलावर गाव उभं आहे. मी एका कंत्राटदाराकडे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. घरचे सगळे कुडाळजवळ गावी, इथे खोलीत सोबतीला एक मलयाळी सहकारी.

डबीत काय होतं ते सांगतो, म्हणजे माझे हात का थरथरले ते कळेल. माझे वडील दशावतारात स्त्री पार्ट करायचे. दिवसा भातशेती, आणि जत्रांचा हंगाम आला की रात्री लुगडं नेसून राणी. १९९७च्या जत्रेत मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याने व्हिडिओ कॅमेऱ्याने एक पूर्ण रात्र टिपली होती. दशावतारात लिहिलेली संहिता नसते हे तुम्हाला माहीत असेल. आख्यान ठरतं, कोण कोण काय करणार ते ठरतं, संवाद तिथेच, उभ्या उभ्या सुचतात. म्हणजे त्या रात्री बाबा जे बोलले ते त्या तीन कॅसेटींखेरीज कुठेच नव्हतं. पुढे मी रजेवर असताना त्यांच्या फाइली करून घेतल्या. कॅसेटींना कोकणातल्या पावसाने बुरशी धरली, भावाने त्या टाकून दिल्या. 'तुझ्याकडे आहेच ना,' म्हणाला. होतं ना. एका डबीत.

आमच्या कामात पहिला धडा असतो: गेज चुकीचं दाखवत असेल तर आधी पुरवठा बघ, मग तार, यंत्राला हात सगळ्यात शेवटी. वीस वर्षं नव्या पोरांना हेच शिकवतोय. त्या दिवशी मी काय केलं? डबी काढली-लावली, काढली-लावली, दहा वेळा. मग हातावर आपटली. हे वाचून तुम्ही हसाल, पण मी आपटली.

सहकाऱ्याने चहा केला आणि म्हणाला, आवाज ऐक. ही सूचना लाखमोलाची होती. डिस्क टक-टक-टक करत असेल तर आतलं हेड गेलेलं असण्याची शक्यता मोठी; तेव्हा ती लगेच बंद करायची आणि डेटा काढून देणाऱ्या जाणत्या माणसाकडेच न्यायची. प्रत्येक टकटकीबरोबर नुकसान वाढू शकतं. माझी नुसती घुमत होती. जीव थोडा भांड्यात पडला.

मग शहाण्यासारखं सुरुवातीपासून. मी ती यूएसबी हबला जोडली होती, त्याच हबवर माऊस, कीबोर्ड आणि मोबाइलचं चार्जिंग. अशा छोट्या डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती सगळी वीज यूएसबीतूनच घेते. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून फार तर ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. दिवा लागायला काहीच लागत नाही, तबकडी पूर्ण वेगाने फिरवायला मात्र दम लागतो. थेट लॅपटॉपला लावली. तरी नाही. मग केबल. ती रुंद, चपट्या तोंडाची केबल मोबाइलच्या दुकानात सहज मिळत नाही. तिसऱ्या दुकानात मिळाली. बाहेर शमाल सुटला होता, म्हणजे उत्तरेकडून येणारा धुळीचा वारा. रस्त्यापलीकडची मशीद दिसत नव्हती.

नवी केबल लावली आणि डिस्क दिसली! पण विंडोजने विचारलं: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवी, करू का? इतक्या वेळाने संगणक काहीतरी बोलला याच्या आनंदात माझं बोट 'हो'वर गेलं होतं. सहकाऱ्याने माझं मनगट धरलं. पुढे लक्षात ठेवा: हरवलेलं शोधताना संगणक 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइज' म्हणाला, तर उत्तर 'नाही'.

डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहिलं. फाइल सिस्टिमच्या जागी 'रॉ' लिहिलं होतं, पण आकार ९३१ जीबी दाखवत होता. एक टीबीची डिस्क विंडोजला एवढीच दिसते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने. म्हणजे डिस्कला स्वतःचा आकार ठाऊक होता. घर शाबूत होतं, दारावरची पाटी पुसली गेली होती. सैल केबल आणि 'इजेक्ट' न करता ओढून काढायची माझी सवय, दोन्हींनी मिळून ती पुसली असावी.

खोलीतल्या सल्ल्यांपैकी दोन सांगतो, करू नका म्हणून. एक, फ्रीझरमध्ये ठेवणं: खफजीच्या दमट हवेत बाहेर काढताक्षणी आतबाहेर दव धरेल. दुसरा, उघडून बघणं: हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, इथल्या धुळीचा कण त्यापुढे डोंगर.

शेवटी नवी मोठी डिस्क आणली, लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून लिनक्समध्ये चालू केला आणि डीडी-रेस्क्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमने जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढायला घेतली. तो आधी सरळ वाचता येणारा भाग उचलतो, अडलेला भाग नोंदवून ठेवतो आणि मग परत परत तिथे जातो. दोन रात्री एसीखाली आकडा सरकत होता. नंतरची दुरुस्ती, टेस्टडिस्क वापरून, फक्त नकलेवर केली. मूळ डिस्क गुंडाळून ठेवली.

तीनही फाइली मिळाल्या. मधल्या फाइलीत वीसेक मिनिटं मात्र चित्र चौकोन चौकोन होऊन गोठतं, आवाज जातो. नेमका राणीचा प्रवेश. आता एक प्रत भावाकडे आहे, एक क्लाउडवर. चढवायला या नेटवर नऊ दिवस लागले.

बाबांना हे सगळं नंतर सांगितलं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी भावाच्या टीव्हीवर ते नाटक पाहिलं, नातवंडं भोवती. चौकोन आले तशी पोरं कुरकुरली. तर बाबांनी पंचा डोक्यावरून घेतला आणि बसल्या जागीच राणी बोलायला लागली. अठ्ठ्याहत्तरीचा आवाज, मध्ये खोकला, पण थांबले नाहीत.

"आजोबा, तेव्हा ह्याच बोललात?" पुतण्याने विचारलं.

"तेव्हाचा कोणाक आठवता रे? ह्या आजचा," बाबा म्हणाले.

मी कॉल रेकॉर्ड करत नव्हतो.