खोंडाच्या साजाची खोली

यात्रेला जनावर घेऊन निघालेल्या माणसाला पहिली काळजी असते ती जनावर बांधायचे कुठे याची. दुसरी वैरण-पाण्याची. आपण स्वतः कुठे झोपणार, हे त्याला रात्री दहाच्या सुमाराला आठवते. मग तो गाडीखाली बारदान टाकतो, वाकळ ओढतो आणि पहाटेपर्यंत कुडकुडतो. घरच्या बाईने कुठे झोपायचे, हा प्रश्न तर आमच्या घरात कधी कुणाला पडलाच नव्हता. कारण ती येतच नव्हती.

खरसुंडीची आणि पुसेगावची यात्रा मी लहानपणापासून पाहत आलो. वडील बैलगाडी घेऊन जात. माळावर गाडी सोडली की तीच आमचे घर व्हायची. आईने मात्र ती यात्रा कधी पाहिली नाही. आटपाडी-माणकडचे मेंढपाळ घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार लादून बायकामुलांसह गावोगाव फिरतात. पण आम्हा शेतकऱ्यांना तीन दिवसांसाठी बाईमाणसाची सोय करता आली नव्हती.

आमच्या घरी एक खिलार खोंड वाढला. त्याला वाढवला तो आमच्या हिने. 2022 साली लम्पीची साथ आली, जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा हा वासरू होता. अंगावर गाठी उठल्या होत्या. मी दिवसभर गावोगाव लसीकरणाचे महत्त्व सांगत फिरत होतो आणि घरी ही लिंबाच्या पाल्याच्या उकळलेल्या पाण्याने त्याच्या जखमा धूत बसली होती. खोंड जगला. दोनदाती झाला. डिसेंबर 2024 मध्ये, मार्गशीर्षातल्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला, त्याला पुसेगावला न्यायचे ठरले.

घरात ऊस ओढून थकलेली एक दोनचाकी ट्रॉली पडून होती. हौदा बारा फूट लांब, सहा फूट रुंद. पुढचे चार फूट मी फळ्यांनी वेगळे काढले. मागच्या आठ फुटांत खोंड उभा राहणार आणि पुढे त्याचा साज राहणार. झूल, गोंडे, घुंगूरमाळ, शेंब्या, शिवाय पेंडेचे पोते. खोंडाच्या तोंडाला लागू नये आणि शेणामुताने भिजू नये, एवढाच त्यामागे विचार होता.

ही चहा घेऊन आली. त्या जागेकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अहो, एवढ्या जागेत झूल मावते, मग मी नाही का मावणार?”

मी हसलो. मग आत जाऊन आडवा झालो. सहा फूट रुंदीत माणूस सहज मावत होता. हसू तिथेच संपले.

पुढचे पंधरा दिवस शनिवार-रविवार त्यात गेले. सांगाड्याला हात लावला नाही. लोखंडी अँगल नट-बोल्टने बसवले, म्हणजे यात्रा झाली की सगळे काढता येते. दोन फूट उंचीवर आडवी फळी टाकली. वर अंथरूण, खाली पेंड, भांडी आणि साजाची पेटी. बाजूच्या पत्र्याला दार काढले. वर कमानी घालून ताडपत्री ओढली. पत्रा रात्री गार पडतो आणि श्वासाच्या वाफेचे थेंब त्यावरून टपकतात, म्हणून आतून बांबूचे तट्टे लावले.

दोनचाकी ट्रॉलीत तोल सांभाळावा लागतो. तिचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर राहिला पाहिजे. वजन चाकामागे गेले की ट्रॉलीचे नाक वर उठते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. म्हणून पेंडेचे पोते आणि पाण्याचा ड्रम पुढे ठेवला. खोंड साडेतीनशे किलोचा. त्याला दिवसाला आठ-नऊ किलो कोरडी वैरण आणि तीस लिटरच्या आसपास पाणी धरले. चढवता-उतरवताना ट्रॉली हुकापासून सोडायची नाही, नाहीतर खोंडाचा पाय मागे पडताच ती उलटी बसते. आणि चालत्या ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही, हाही नियम केला. पुतण्या आणि मी ट्रॅक्टर व मोटारसायकलवरून निघालो. ही विट्याहून एसटीने मायणी, वडूज करत पुसेगावला आली.

पहिल्याच रात्री माळावर वारा सुटला. थंडी हाडात शिरली. पुतण्या बाहेर खोंडापाशी झोपला. आम्ही लोणारी कोळशाची शेगडी बाहेर पेटवली, धूर जाऊन लाल निखारे झाल्यावर आत घेतली, दार लावले आणि ताडपत्रीच्या कडा खोचल्या. धूर गेला म्हणजे धोका गेला, असे मी समजलो.

हिला पहाटे तीनला उठून वैरण टाकायची सवय. त्या पहाटेही ती उठली, पण पाय उचलेनात. डोके फुटेल असे दुखत होते. तिने मला हलवले. मी उठेना. तिने कसेबसे दार ढकलले आणि ती बाहेर जमिनीवर पडली. आवाजाने पुतण्या धावला आणि त्याने मला ओढून बाहेर काढले. दवाखान्यात प्राणवायू लावला, तेव्हा दिवस उजाडत होता.

निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग, ना वास. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. मी तीस वर्षे शेतकऱ्यांना सांगत आलो, जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघा. पण कंदील विझतो तो प्राणवायू कमी झाला तर. हा वायू माणसाचा जीव घेतो, तेव्हा कंदील शेजारी खुशाल जळत असतो. कोंबड्यांच्या शेडला हवा कशी खेळती ठेवायची यावर मी व्याख्याने दिली आहेत. स्वतःच्या बायकोच्या खोलीला मात्र एक भोक ठेवले नव्हते. त्या दिवशी तिच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

ती मात्र घरी जायला तयार होईना. म्हणाली, “आले आहे तर बघूनच जाणार.”

दुपारी गिऱ्हाईक आले. खोंडाची शिंगे, वशिंड, खूर पाहून झाले. मग त्याने विचारले, डावीकडे चालतो का उजवीकडे? पाऊस-विजेला बुजतो का? मला एकाही प्रश्नाचे धड उत्तर देता येईना. साजाच्या खोलीच्या दारात बसून ही एकेक उत्तर देत गेली. कुठे हात लावलेला त्याला खपत नाही, तेही तिने सांगितले. तो माणूस माझ्याकडे पाठ करून तिच्याशीच बोलू लागला. मग रुमालाखाली हात घेऊन त्याने मला बोटे दाखवली. मी हिच्याकडे पाहिले. तिने मान हलवली. खोंड परत घरी आला.

घरी आल्यावर मी त्याच दिवशी गिरमिट घेतले. एका बाजूला तळाशी आणि समोरच्या बाजूला छपराजवळ, अशी वीतभर लांबीची दोन झरोके काढली. त्यांना जाळी लावली. झाकण मुद्दाम लावले नाही, कारण थंडीत माणूस ते बंद करणारच. शेगडी, चूल, स्टोव्ह यांतले काही आत न्यायचे नाही. थंडी खालून येते, म्हणून फळीवर पाचटाचा जाड थर, त्यावर बारदान आणि मग वाकळ. एवढ्याने भागते.

ज्यांच्या घरी ट्रॉली आहे आणि जनावर वाढवणारी बाई आहे, त्यांनी ही चार फुटांची खोली जरूर करावी. खर्च थोडा आहे. फक्त आधी झरोके काढा आणि मगच अंथरूण घाला.

आता त्या खोलीत दोन खिळे आहेत. एकावर खोंडाची झूल असते. दुसरा तिने स्वतः ठोकला आहे. त्यावर तिची पिशवी असते.