चंदेरी कागदावरची शिरोरेघ

सिंक्लेअरच्या झेडएक्स प्रिंटरला ना शाई लागायची, ना रिबन. चार इंच रुंदीचा काळा कागद, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा. पट्ट्यावर बसवलेल्या दोन सुया आळीपाळीने कागदावरून फिरत, ठिपका हवा तिथे ठिणगी पडून मुलामा जळे आणि खालचा काळा रंग उघडा पडे. खरखर आणि जळका वास खोलीभर. इंग्लंडमध्ये १९८१ साली तो आला, किंमत ४९.९५ पौंड. पुष्कळांनी त्याला खेळणं ठरवलं. मला ते कधीच पटलं नाही, कारण माझं पहिलं मराठी पत्र त्यानेच छापलं.

बाबांची नोकरी तिकडे, आजी साताऱ्याला. घरातल्या सिंक्लेअरच्याच स्पेक्ट्रम संगणकावर मराठी नव्हती. पण २१ अक्षरं आपली आपण घडवायची सोय होती. प्रत्येक अक्षराला आठ बाय आठ चौकटी, भरली तर १, रिकामी तर ०. आई चौकटीच्या वहीत पेन्सिलीने अक्षर काढून द्यायची, मी ते आकड्यांत भरायचो. सगळ्यात वरची ओळ सलग १ ठेवली की शेजारशेजारची अक्षरं आपोआप एका शिरोरेघेखाली जोडली जात. पडद्यावर ते प्रथम दिसलं तेव्हा आईने बाबांना स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. ‘ती. आजीस सा. न.’ एवढ्याला त, अ, ज, स, न, काना आणि वरच्या घरात बसवलेली वेलांटी पुरली. मग ‘कॉपी’ म्हणायचं, की २५६ ठिपक्यांच्या रुंदीत पडदा कागदावर.

आजीचं उत्तर आलं: अक्षर सुबक आहे, सही मात्र हाताने करत जा. पुढच्या पट्ट्यांवर मी टाचणीने सही कोरली; मुलामा खरवडला की तीही काळी उमटे.

आजी गेल्यावर त्या पट्ट्या माझ्याकडे आल्या. घड्यांवर चिरल्यात, बोटांचे डाग पडलेत, पण मजकूर स्वच्छ वाचता येतो. दुकानातल्या थर्मल पावत्या त्या मानाने किती लवकर पुसट होतात.

पुढे नोकरीत डॉट मॅट्रिक्स आले, लेझर आले. आता फोनवर हवं ते जोडाक्षर लिहिता येतं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण एखाद्या बसच्या पाटीवर ठिपक्यांची शिरोरेघ अक्षराअक्षराला तुटलेली दिसली की अजून राग येतो. वरची एक ओळ सलग भरायची, एवढंच तर काम असतं.