पिल्लं झाली म्हणजे झालं?

घरी खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्यांत एक समजूत घट्ट असते: कोरलला पिल्लं फुटली म्हणजे त्याला पाणी मानवलं. मीही तेच मानत होतो आणि नवख्यांना ठासून सांगतही होतो. इथे न्यू जर्सीत आमच्या गोनिओपोरा या कोरलच्या अंगावर छोटे गोळे धरले, तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

कौतुक वाटण्यासारखंच होतं म्हणा. एरवी दगडी कोरलांत मुकुलायन, म्हणजे अंगावर कोंब फुटणं, ही नुसती वाढ असते. ॲक्रोपोरात जुन्या पॉलिपच्या, म्हणजे वसाहतीतल्या एकेका जिवाच्या, शेजारी नवा उगवतो. ब्रेन कोरलमध्ये शुंडकांच्या कड्याच्या आतच नवी तोंडं फुटतात, मध्ये भिंत पडत नाही, म्हणून त्या नागमोडी दऱ्या दिसतात. घर वाढतं, वेगळं बिऱ्हाड होत नाही. ‘गोनिओपोरा स्टोक्सी’चं तसं नाही. त्याचं पिल्लू आईच्या मांसातच स्वतःचा इवलासा सांगाडा रचतं, मग सुटून वाळूत पडतं आणि तिथेच वाढतं. अल्डाब्रा बेटावरच्या या प्रकाराची नोंद १९६९ साली झाली, तीही प्रजननाची नवी तऱ्हा म्हणून.

पण माझ्या टाकीत पिल्लं गुबगुबीत होत गेली आणि आईचं मांस मात्र कडेकडून मागे सरत गेलं. तेव्हा जुन्या छांदिष्टांचं बोलणं आठवलं. एके काळी गोनिओपोरा घरच्या टाकीत वर्षभरही टिकणं कठीण असे. पिल्लं तो तेव्हाही देत होता. हे मी कितीदा ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ लावायची गरज वाटली नव्हती.

मग वाचत गेलो. सेरिआटोपोरा हिस्ट्रिक्स या कोरलचे पॉलिप हाल असह्य झाले की सांगाडा सोडून एकेकटे निघून जातात, आणि जागा मिळाली तर नवा सांगाडा रचतात. सॅमार्को या संशोधकांनी हे १९८२ मध्ये मांडलं. फंजिया या चकतीसारख्या कोरलचं तर आणखी नवल. पांढरी पडलेली चकती मेली म्हणून लोक फेकतात, पण चिमूटभर जिवंत मांस उरलं असेल तर काही महिन्यांनी त्याच सांगाड्यावर देठांच्या बारक्या चकत्या उगवू शकतात.

म्हणजे पिल्लं सुकाळातही येतात आणि दुष्काळातही. आता मी उलट टोकाला जाऊन प्रत्येक कोंबात संकट शोधत नाही. धडधाकट युफिलिया कोरललाही बुडाशी कोंब येतात. फक्त पिल्लांवरून तब्येत ठरवणं मी सोडलं. त्याऐवजी मांस सांगाड्याच्या कडेपर्यंत भरलंय का ते पाहतो, आणि पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी) आठवड्याला मोजतो, कारण नवा सांगाडा रचला जाताना ती आणि कॅल्शियम दोन्ही खर्च होतात.

कुणी हौसेनं पिल्लाचा फोटो पाठवला, तर मी आईचाही मागतो. काहींना ते आवडत नाही.