लागण

मराठीतले ‘लागणे’ हे क्रियापद मोठे चमत्कारिक आहे. भूक लागते, वेड लागते, दृष्ट लागते आणि रोगही लागतो. कॅन्सरच्या बाबतीत मात्र ‘लागतो का हो?’ असे कोणी उघड विचारत नाही. माणसे नुसती दोन हात लांब बसतात. माझ्या मावशीला कॅन्सर झाला, तेव्हा शेजारच्या एक बाई ‘आत्ताच घेऊन आले’ म्हणून तिच्या हातचा चहा टाळू लागल्या. मावशी काही बोलली नाही. पुढे पुढे ती चहा करायला उठेनाशी झाली.

त्याच सुमारास कोथरूडला, डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या गल्लीत चंपी नावाची भटकी कुत्री आजारी पडली. शेपटीखाली गाठ, आणि तिच्यातून रक्त ठिबके. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “कॅन्सर आहे, आणि हा लागतो!” गल्लीची बोबडीच वळली.

डॉक्टरांनी मग नीट उलगडून सांगितले. हा रोग कुत्र्याकडून कुत्र्याला, मुख्यतः समागमातून आणि कधी चाटण्या-हुंगण्यातून जातो. यात जंतू नाही की विषाणू नाही. गाठीतल्या जिवंत पेशीच दुसऱ्या कुत्र्याच्या अंगात कलमासारख्या रुजतात. नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने १८७६ सालीच अशी गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. जगभरच्या या गाठी मुळात एकाच कुत्र्याच्या आहेत, हे २००६ साली सिद्ध झाले. २०१९ च्या संशोधनानुसार तो कुत्रा चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियात होऊन गेला. तो केव्हाच मेला. त्याचा रोग मात्र अजून गल्लोगल्ली हिंडतो आहे! टास्मानियातल्या ‘डेव्हिल’ नावाच्या प्राण्यांतही असाच कॅन्सर १९९६ साली दिसला. तो एकमेकांच्या तोंडाला चावण्यातून पसरतो.

आणि माणसांत? कुत्र्याची ही गाठ माणसाला होत नाही. माणसाचा कॅन्सरही सहवासाने लागत नाही, कारण परक्या पेशी आपले शरीर ओळखते आणि मारते. आईकडून गर्भाला किंवा अवयवरोपणातून असे घडल्याची उदाहरणे आहेत, पण ती अगदी विरळा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू पसरतो खरा. पण पसरतो तो विषाणू, कॅन्सर नव्हे.

गल्लीने वर्गणी काढली. चंपीला आठवड्याला एक, अशी व्हिन्क्रिस्टीनची पाच इंजेक्शने दिली. हे औषध मिळते आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून, आणि रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांनाही तेच देतात. चंपी बरी झाली. जिचा रोग खरोखर लागणारा होता, तिला आज गल्लीतली पोरे हाताने बिस्किटे भरवतात.

हे सारे मी मावशीला सांगितले. ती म्हणाली, “मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच आहे. त्यांना सांग.”

त्या बाई एकट्याच असत्या, तर घरी जाऊन सांगितले असते. पण तशी माणसे घरोघर आहेत. म्हणून हे इथे लिहिले.