नजला आणि गाजरगवत

आमच्या जुन्या शहरात नाकाच्या प्रत्येक तक्रारीला एकच शब्द आहे, नजला. पावसात भिजले तर नजला, दही खाल्ले तर नजला, एकामागून एक वीस शिंका आल्या तरी नजलाच. पण ऑगस्ट लागला की आमच्या वर्गातली काही मुले नाक चोळू लागतात. ताप नाही, अंगदुखी नाही, नाकातून निव्वळ पाणी, डोळ्यांना खाज. सर्दी आठवड्यात जाते, हे दिवाळीच्या सुट्ट्यांपर्यंत चालते.

हा फरक फार जुन्या काळी ओळखला गेला होता. हकीम अबू बकर राझी (मृत्यू सुमारे ९२५) यांनी एक छोटासा रिसाला लिहिला तो याच प्रश्नावर, की अबू झैद बल्खी यांना बहारात गुलाब फुलले की जुकाम का होतो. रोगाचा धागा त्यांनी फुलांच्या हंगामाशी जोडला, ही आम्हाला मोठी गोष्ट वाटते.

मोर्णेकाठी गुलाब कुठले! आमच्याकडे गाजरगवत आहे. पुण्यात ते दिसल्याची नोंद १९५६ साली छापून आली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे सांगतात. आज मोकळा प्लॉट, नाल्याचा काठ, कब्रस्तानची भिंत, काही सुटलेले नाही. पावसानंतर पांढरी फुले येतात आणि पराग हवेत उडतो.

पराग पहिल्यांदा नाकात गेला तर काहीच होत नाही. मात्र काहींचे शरीर त्याला शत्रू समजते आणि आयजीई नावाची प्रतिपिंडे बनवते. ती नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात व वाट पाहतात. पुन्हा तोच पराग आला की त्यातली प्रथिने या प्रतिपिंडांना पकडतात आणि पेशी आपल्याकडचे हिस्टामिन बाहेर टाकते. मज्जातंतूंना ते लागले की खाज आणि शिंका, ग्रंथींना चेव आला की पाणी. बारीक रक्तवाहिन्या फुगतात, झिरपतात, अस्तर सुजते आणि नाक बंद होते. हे सगळे काही मिनिटांत.

खरा त्रास पुढे आहे. त्या धामधुमीत रक्तातल्या इओसिनोफिल वगैरे पेशींना बोलावणे गेलेले असते. त्या चारसहा तासांनी पोचतात आणि नवा पराग नसतानाही सूज पुन्हा चढते. असे रोज होत राहिले की नाक इतके हळवे होते की थोडासा पराग पुरतो. मग लोबानचा धूर, फोडणीचा ठसका, एवढ्यानेही शिंका सुरू होतात.

आठवीतली एक मुलगी खिडकीशी बसायची. रात्रभर तोंडाने श्वास, झोप अर्धी, सकाळी गणिताच्या तासाला डुलक्या. शिक्षकांच्या खोलीत तिच्याबद्दल "लक्ष नसते" असे बोलले जाई. आम्ही घरी गेलो तर अब्बा म्हणाले, "नजलाच तो है, उमर के साथ चला जाएंगा." अम्मीची भीती वेगळी होती. रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येई, तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. उद्या रिश्ता येईल, दम्याची पोरगी म्हणतील. नाक आणि छातीची वाट एकच, या दुखण्याबरोबर दमा अनेकदा असतो. छाती दाखवलीच पाहिजे, यावर आम्ही अडून बसलो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी छाती तपासायला पुढे पाठवले आणि नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला. 'स्टेरॉइड' ऐकून घर घाबरले. पण नाकातली मात्रा अगदी थोडी असते, आणि गुण यायला रोज, काही दिवस घ्यावे लागते. शिंक आली की मारायचे असे ते औषध नाही. मेडिकलवरचे नाक मोकळे करणारे थेंब मात्र चारपाच दिवसांपुढे चालू ठेवले तर नाक उलट जास्त बंद होते. रमजानचे काय, हे अम्मीने मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घेतले. एकदाच घ्यायचा फवारा, तो इफ्तारनंतर.

मुलीची जागा आम्ही खिडकीपासून हलवली. मैदानातले गाजरगवत फुलण्याआधी हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून उपटले. ज्यांना त्रास आहे त्यांना त्या दिवशी वर्गातच ठेवले. कंपाउंडपलीकडचा प्लॉट कुणाचा आहे ते मोहल्ल्यात कुणी सांगत नाही. तिथे परवा पांढरी फुले दिसली.